फिरवलेला चौक

“चुकलं कुठं, ते तरी सांगाल का, माई?”

केरबानं हे विचारलं तेव्हा माई नुकतीच उठून बसत होती. मठाच्या ओवरीत, सारवलेल्या जमिनीवर, त्यानं कापडाचे चौक एकाला एक लावून मांडले होते. अजून जोडलेले नव्हते, नुसतेच मांडलेले. आणि माई त्या मांडणीवर मघापासून आडवी पडली होती, हाताची उशी करून, डोळे मिटून.

“झोप न्हाई लागली,” माई म्हणाली.

“पण चूक कुठं आहे?”

“चूक हाय असं मी कधी म्हनलं? झोप न्हाई लागली म्हनलं.”

हे ऐकून घेणं केरबाला जड जात होतं, हे त्याच्या कानाच्या पाळ्यांवरून कळत होतं. त्या लाल झाल्या होत्या.

भिवरामाईचा मठ म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक लांबट ओवरी, मागं दोन अंधाऱ्या खोल्या आणि चार शेळ्या. माईनं कधी प्रवचन केलं नाही की कुणाच्या कानात मंत्र फुंकला नाही. कुणी येऊन म्हणालं, मला इथं राहायचंय, की ती त्याच्या हातात सुई देई. त्यानं गावोगाव हिंडायचं, दारात उभं राहून ‘जुनेर वाढा, माई’ म्हणायचं आणि मिळेल ते जुनं कापड घेऊन यायचं. त्या जुनेराचे चौक करायचे. चौक मांडायचे. मांडून झाले की माई त्यावर आडवी होई, आणि तिला झोप लागली तर मांडणी पक्की झाली असं समजायचं.

मग ती गोधडी शिवायची. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला माई ती स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यांवर घाले. तीच त्याची कंथा आणि तीच दीक्षा. ज्याला कंथा मिळाली तो मठाचा झाला. ज्याला मिळाली नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी आपल्या घरची वाट धरायची.

केरबाला घरची वाट धरायची नव्हती. काय वाटेल ते झालं तरी नव्हती.

तसं पाहिलं तर त्याला भ्यायचं काही कारण नव्हतं. तो संस्थानच्या गावचा तंबू-शामियाने शिवणारा. त्यानं शिवलेल्या कनातीची शिवण उन्हात धरली तरी दिसत नसे. त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त केरबालाच ठाऊक होती. मठात आला त्याच दिवशी त्याला कुणीतरी सांगितलं, की गेल्या साली एका गुराख्यानं बोटबोटभर टाके घातलेले वेडेवाकडे चौक मांडले आणि माई त्यावर पडल्या पडल्या घोरायला लागली. केरबा त्यावर मोठ्या समजूतदारपणे हसला होता.

आता त्याला हसू येत नव्हतं.

त्याचा चौक साधाच होता. दोन त्रिकोण, एक फिक्या कापडाचा आणि एक गडद कापडाचा, तिरक्या शिवणीनं जोडलेले. अर्धा उजेड, अर्धा अंधार. पण हा असा चौक चार दिशांना फिरवता येतो आणि सगळी गंमत त्या फिरवण्यात असते. सगळे अंधार एका अंगाला ठेवले तर देवळाच्या पायऱ्या दिसतात. चार उजेड मधोमध आणले तर पाकोळी होते. एक सोडून एक फिरवत गेलं तर पाण्याच्या लाटा उठतात. चौक तेच राहतात, गोधडी मात्र दर वेळी वेगळी होते.

केरबानं पायऱ्या मांडल्या. माईनं दोनदा कूस बदलली आणि उठली. त्यानं पाकोळ्या मांडल्या. माई म्हणाली, मला गरगरतंय. मग त्यानं लाटा मांडल्या. ओवरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा सरळ, अशा नितळ, की सकाळच्या धुक्यात त्या खरोखरच हलताहेत असं वाटे. याहून चांगलं काही त्याच्या हातून झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं.

आणि माईला झोप लागली नव्हती.

“एवढ्या चिंध्यांतून मी एवढं उभं केलं,” केरबा म्हणाला. आवाज साधा ठेवायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. “एक कोपरा हललेला दाखवा.”

“न्हाई हलल्याला,” माई म्हणाली. “लई नीट हाय.”

...

ती मांडणीच्या कडेला बसली होती. तिनं पाय लांब केला आणि पायाचा अंगठा टेकवून कडेचा एक चौक अर्धा फिरवला. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. मग ती पुन्हा आडवी झाली आणि बघता बघता तिचा श्वास संथ झाला. ओठ फुगायला आणि मिटायला लागले.

माई झोपली होती.

केरबा तिच्याकडं पाहतच राहिला. मग त्याची नजर त्या चौकाकडं गेली आणि तिथून हलेना. सगळ्या लाटा एका दिशेला चाललेल्या, आणि हा एकटा उलट तोंड करून बसलेला. घासात खडा लागावा तसं त्याला होत होतं. त्यानं दुसरीकडं पाहिलं. शेळ्यांकडं पाहिलं. खाली दरीतल्या धुक्याकडं पाहिलं. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. श्वास रोखून तो वाकला आणि दोन बोटांनी त्यानं तो चौक हलकेच सरळ केला.

माईनं डोळे उघडले.

“कुनी उठीवलं?”

“कुणी नाही.”

माईनं काही वाद घातला नाही. तिनं पुन्हा पाय लांब केला.

“पाय नका लावू, माई.”

हे केरबाच्या तोंडून त्याला हवं होतं त्यापेक्षा मोठ्यानं निघालं. माईनं पाय होता तिथंच थांबवला.

“का रं? चिंधीच हाय न्हवं?”

“ती चिंधी नाही.”

“मग?”

...

धुकं ओवरीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यात खालची गावं बुडून गेली होती. कुठंतरी कोंबडा आरवला तोही लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटला. माई वाट पाहत होती, आणि वाट पाहण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

मठाची एक रीत होती. शेवटचं जुनेर आपल्याच दारात मागायचं. परक्यासारखं उभं राहायचं, नाव घ्यायचं नाही, आत पाऊल टाकायचं नाही, घरचं माणूस जे देईल ते घेऊन मागं फिरायचं. केरबाही गेला होता. आपल्या दारात उभं राहून त्यानं ‘जुनेर वाढा, माई’ म्हटलं होतं. सगुणानं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं, त्याच्याकडं पाहिलं, आत गेली आणि एक घडी त्याच्या झोळीत ठेवून दार ओढून घेतलं. ओढून घेतलं, पण लावलं नाही. ते तसंच अर्धं उघडं राहिलं. केरबा त्या अर्ध्या दाराकडं थोडा वेळ पाहत राहिला आणि मग चालू लागला.

वाटेत त्यानं घडी उलगडली नाही. मठात आल्यावर उलगडली.

“मुलगी होती आम्हाला,” केरबा म्हणाला. “शेवंता. वर्षाचीही झाली नव्हती... तिची कुंची आहे ती. बाहेरचा हिरवा खण आणि आतलं पांढरं अस्तर. मीच शिवली होती.”

“तुझ्या बायकूनं दिली?”

“हो.”

“काय म्हनली?”

“काही नाही. ती बोलतच नाही.” केरबा जमिनीकडं पाहत होता. “शेवंता गेली तेव्हापासून. रोज ती कुंची उन्हात घालायची, दिवस कलला की घडी करून ठेवायची. डोक्यावर पाऊस आला तरी हिची कुंची उन्हात. मला ते बघवत नव्हतं, माई. मी तिला एकदाही काही म्हटलं नाही, आणि तिनंही मला. एक दिवस उठलो आणि इकडं आलो.”

एवढं बोलून झाल्यावर त्याला दम लागला. एवढं तो गेल्या कित्येक महिन्यांत कुणाशी बोलला नव्हता.

कुंचीला कातर लावताना आपला हात जरादेखील हलला नाही, याचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला होता. खणाचा त्रिकोण गडद अंगाला, अस्तराचा फिक्या अंगाला. चौक सुरेख झाला होता. मग त्यानं तो अगदी कडेला अशा जागी बसवला, की लाट तिथून वाहून जावी आणि कुणाला तो वेगळा दिसू नये. स्वतःला तर मुळीच दिसू नये.

माईनं पाय आखडून घेतला. ती गुडघ्यांवर पुढं सरकली, दोन्ही हातांनी तो चौक उचलला, जरा वेळ तळव्यावर धरला आणि पुन्हा फिरवूनच खाली ठेवला.

“ह्यो आता आसाच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आणि शेळ्या सोडायला निघून गेली.

केरबा तिथं कितीतरी वेळ बसून राहिला. तो चौक सरळ करायला आता त्याचा हात धजेना, आणि मांडणी अशी मोडलेली ठेवायला त्याचा जीव तयार होईना. अस्सल कारागिराची ही मोठी अडचण असते. त्याला रडायची मोकळीक असते, पण शिवण वाकडी ठेवायची नसते.

शेवटी त्यानं कारागिरालाच सुचेल ते केलं. हा एक फिरत नाही ना, मग बाकीचे फिरवू या.

त्यानं शेजारचे चौक फिरवले. मग त्यांच्या शेजारचे. लाटा मोडल्या. कुंचीच्या चौकाभोवती आधी उजेडाचं एक कडं झालं, त्याच्याबाहेर अंधाराचं, त्याच्याबाहेर पुन्हा उजेडाचं. बरं दिसत होतं. पण चौक होता कडेला, त्यामुळं सगळी कडी अर्ध्यातच तुटत होती. ती पुरी करायची तर पलीकडच्या अंगाला आणखी चौक हवेत. झोळीत जुनेर शिल्लक होतं. केरबानं कातर काढली.

पौर्णिमा जवळ येत चालली होती आणि केरबा चौक करत होता. एक कडं पुरं झालं की त्याला बाहेर आणखी एक हवंसं वाटे.

आधी कापड कापताना तो फक्त रंग पाहायचा आणि ताणून पाहायचा, की किती टिकेल. आता नकळत त्याला दारं आठवायला लागली. हे धोतर एका म्हाताऱ्यानं दिलं होतं. देताना ते पुन्हा पुन्हा झटकत होता, जसं काही त्यात अजून काही अडकलं असेल. हा परकर फटाक्यानं जळून भोक पडलेला. देणारीनं सांगितलं होतं, भोकाचा भाग टाकून द्या. केरबानं तो टाकला नाही. त्यानं भोकाला मागून तुकडा लावला आणि तोच भाग चौकात घेतला, आणि असं का केलं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी धुकं येई, दुपारी पिवळं ऊन येई. केरबाला हल्ली नीट कळत नसे, की आपण चौक मांडतोय की मांडत असल्याचं पाहतोय. अर्धा उजेड, अर्धा अंधार. अर्धा उजेड, अर्धा अंधार. डोळे जडावले की ते चौक चौक राहत नसत. ती सगळी दारं वाटत, अर्धी उघडी ठेवलेली, ओळीनं, डोंगर उतरून दरीपर्यंत गेलेली. आणि प्रत्येक दाराच्या अंधाऱ्या अंगाला कुणीतरी उभं असे. काही मागत नसे. नुसतं उभं असे.

अशाच एका दुपारी तो मांडणीच्या एका बाजूला कलंडला.

स्वप्नात शेवंता होती. कुंची घातलेली, रांगत होती. या चौकावरून त्या चौकावर, उजेडाच्या तुकड्यांवर तळवे टेकवत. केरबाला भीती वाटत होती, की आता कड येईल आणि ही खाली पडेल. तो धावायला बघत होता, पण पाय उचलत नव्हते. शेवंता कडेला पोचली... आणि तिथं आणखी एक चौक होता. ती त्यावर गेली. त्याच्या पुढं आणखी एक होता. तो कुणी मांडला होता कोण जाणे. ती मागं न बघता जात राहिली आणि केरबाच्या छातीतली भीती हळूहळू उतरत गेली.

जाग आली तेव्हा ऊन ओवरीतून निघून गेलं होतं. त्याचा गाल ओला होता. इतका गाढ तो घर सोडल्यापासून झोपला नव्हता. कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता. त्यानं मान वळवली.

मांडणीच्या पलीकडच्या बाजूला माई झोपली होती. दोघांच्या मधोमध तो हिरवा-पांढरा चौक होता, आडमुठा, सगळ्यांकडं उलट तोंड केलेला. त्याच्याभोवती कडी पसरत गेली होती, आणि खरं सांगायचं तर तो तसा नसता तर त्यांना पसरायला कारणच नव्हतं.

केरबा हलला नाही. माईच्या उठण्याची वाट पाहत पडून राहिला.

“लागली?” तिनं डोळे उघडल्यावर त्यानं विचारलं.

“लागली की,” माई म्हणाली. “शीव आता.”

केरबाला इतका आनंद झाला, की त्याला आधी सुईच सापडेना. त्यानं चौक जोडले. खाली जुन्या लुगड्यांचे थर घातले. कडेपासून सुरुवात करून तो टाके घालत घालत आत येत गेला आणि शेवटचा टाका त्यानं कुंचीच्या चौकावर घातला. शिवता शिवता तो मठातल्या पुढच्या दिवसांचे बेत करत होता. शेळ्यांना नवी दावी वळायची. ओवरीचं छप्पर शाकारायचं. इथंच राहायचं.

पौर्णिमेच्या सकाळी तो नदीवर न्हाऊन आला आणि माईपुढं हात जोडून उभा राहिला. माईनं गोधडी उचलली, तर ती तिला एकटीला उचलवेना. केरबानंच एक टोक धरलं. तिनं ती त्याच्या खांद्यांवर घातली.

गोधडी दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळत राहिली. केरबानं एक पाऊल टाकलं आणि कडेत पाय अडकून तो धडपडला.

माई त्याच्याभोवती सावकाश फिरून आली.

“एका मानसाला मोठी झाली ही,” ती म्हणाली.

“मापाची करतो, माई. आत्ता करतो.”

त्यानं गोधडी ओवरीत अंथरली, कातर आणली आणि कापायचं कुठं ते पाहू लागला. निम्मी केली की मापात बसली असती. त्यानं कडा जुळवून मध्य काढला, बोटानं रेघ ओढली. रेघ सरळ गेली आणि कुंचीच्या चौकाच्या बरोबर मधून गेली. शेवटी मध्यावर तो त्यानंच आणला होता, एकेक कडं वाढवत.

त्यानं रेघ जरा अलीकडं घेऊन पाहिली. मग जरा पलीकडं. कातर हातात तशीच राहिली.

...

“मला कापवत नाही,” केरबा म्हणाला.

माई त्याच्याजवळ आली.

“मग मी कुठं जायचं, माई?”

माई खाली बसली. तिनं गोधडीची एक घडी घातली, हातानं सपाट केली, आणखी एक घातली. मग ते सगळं ओझं दोन्ही हातांनी त्याच्या मांडीवर सरकवलं.

“थंडी पडाया लागली,” ती म्हणाली. “तुझ्या बायकूच्या अंगावर काय असतंय रं सध्या?”